खालच्या काकूंचं धुणं

नाहूरच्या आमच्या चाळीत आता घरोघरी कपडे धुवायचं मशीन आहे. खालच्या काकूंकडेही आहे, सुनेने आणलेलं. पण काकू अजून अंगणातल्या दगडावरच धुतात आणि बोलतातही त्याच तालावर. "सून म्हणते," धप्प, "हात दुखतील," धप्प, "माका काय धाड भरलीय?"

बाबा ऑपरेशन होऊन घरी आले आणि आमच्या खिडकीखालची ती धपधप थांबली. मी वाकून पाहिलं. काकू जाड चादर दगडावर नुसत्या हाताने चोळत होत्या. घामाघूम झालेल्या, पण तोंडातून शब्द नाही. मला बघून त्यांनी साबणाचं बोट ओठांवर ठेवलं.

बाबा मात्र अंथरुणात तळमळत होते. "काकू गावाला गेल्या का गं?"

"नाही. तुम्हाला झोप लागावी म्हणून आवाज न करता धुतायत."

बाबा माझा हात धरून खिडकीशी आले. "अहो वहिनी, आपटा की! एवढं शांत असलं की मला आजारी असल्यासारखं वाटतं."

"मग आजारी नाय तर काय?" म्हणत काकूंनी चादर उचलून अशी काही आपटली, की बाबा पोटाचे टाके धरून हसत सुटले.