बेस म्हणजे पाच

जावयांचं पत्र आलं, ते मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. शाळा पाहिली नाही, पण नड पडली की अक्षरं आपोआप ओळख देतात. वावरातल्या गुरांच्या कोठ्यात तीन काबुली उतरलेत, गंगू भेते, तुम्ही चार दिवस या, असा मजकूर होता. लेकीसाठी शेवयांचा डबा भरलेलाच होता. दुसऱ्या सकाळी धनज सोडलं.

कारंज्यापर्यंत आमची बैलगाडी, पुढं मोटर. लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटरीच्या मागं कोळशाची भट्टी लावलेली असते. तिकडं जाणाऱ्या बायांनो, भाडं सगळ्यांना सारखंच आहे, तेव्हा जागा पुढची मागा. मी मागं बसले आणि मंगरुळापर्यंत धूर खात गेले. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं, मोटर रिकामी चढते, आपण पायी. शेलूबाजाराला कोळसा भरेस्तोवर तासभर मुक्काम. तिथली कांद्याची भजी जरूर खा. भजीवाल्याला मी कुठं आणि कशाला चालले ते सांगितलं, तर तो झारा हलवत म्हणाला, "काबुली उतरले? मंग जावयाले सांगा, कोठा इसरून जाय." सगळे हसले. मीही हसले, पण मालेगावला लेकीच्या दारात उतरेपर्यंत शेवयांचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

सकाळी कोठ्यावर गेले. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. बारीक डोळे, वर आलेली गालफडं, चामड्याचे उंच जोडे. नवरा मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, काबुली नाही, कझाक. बर्फाच्या डोंगरांपलीकडून चालत निघालेली माणसं. निम्मी वाटेतच राहिली. चामड्याच्या टोप्या विकत इथवर आले आणि म्हातारीला ताप भरला. ताप उतरला, पण ती काही खाईना. भाकर गिळवेना, आपलं वरण जीभ जाळतं. नुसता मीठ घातलेला चहा. भोपाळला तिची लेक वाट पाहत होती आणि अंगात बळ आल्याशिवाय तिला गाडीत घालायची मुलाची छाती होत नव्हती. एकच गोष्ट ती खाईल, म्हणाला, उकडलेलं मटण आणि कणकेच्या पट्ट्या. बोकड त्यानं स्वतःच्या हातानं कापला होता. भांडं आणि कणीक नव्हती. त्यांच्या मुलखात यात घोडाही शिजवतात, हे ऐकल्यावर गंगूनं आधी दारची घोडी जागेवर आहे का ते पाहिलं.

"माय, यायले आपलं पातेलं देतं?" तिनं मला बाजूला घेऊन विचारलं.

"पातेलं घासता येते, गंगे. म्हातारी उपाशी हाये."

म्हातारीचा मुलगा अकोल्याच्या मोटरीची चौकशी करायला गेला. सून झैनप चुलीशी बसली. मटण, पाणी, मीठ, एक आख्खा कांदा, बस. फेस काढत राहायचा आणि मंद आच धरायची. तोवर तिनं अंडं घालून कणीक घट्ट मळली. आपलं लाटणं हातात धरून हसली, मग कोपऱ्यातलं मुसळ धुऊन घेतलं आणि त्यानं एवढी पातळ पोळी लाटली की खालची फळी दिसावी. तिचे तळहाताएवढे चौकोन कापले. मला तर आपली वरणातली फळंच आठवली. जीव एकदम मोकळा झाला.

तिथंच घोटाळा झाला. मी तिखटाचा डबा दाखवून विचारलं, "थोडंसं टाकू?" तिला वाटलं, या पदार्थाचं नाव विचारते. तिनं पंजा वर केला, बोटं हलवली आणि म्हणाली, "बेस. बेसबरमाक."

आमच्याकडं बेस म्हणजे झकास, आणि पंजा म्हणजे मूठभर असेल. बेस, तर बेस. मी मूठभर टाकलं.

झैनपनं घाईघाईनं पळीनं वरचं तिखट काढायला घेतलं. पण रस्सा लालभडक झाला होता. तिचा नवरा आला तेव्हा उलगडा झाला: बेस म्हणजे पाच, बरमाक म्हणजे बोट. पाची बोटांनी खायचं अन्न. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी खाटेवरून सगळं बघत होती.

मग मीच पदर खोचला. मटण उपसून ऊन पाण्यात तीनदा धुतलं, लाल रस्सा टाकला, नवं पाणी ठेवलं. झैनपनं चरबीचा एक तुकडा आधीच बाजूला ठेवला होता, तो त्यात सोडला. चौकोन उकळले. मोठ्या थाळीत खाली चौकोन, वर मटण, वर मऊ कांदा.

म्हातारीनं पहिला घास चावला. थांबली. आम्ही सगळे थांबलो. डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं की कशानं, कोण जाणे. मग तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथा मात्र पाची बोटांत गोळा करून माझ्या तोंडापुढं धरला. मुलगा म्हणाला, आमच्यात वडीलधारी माणसं मानाच्या पाहुण्याला असं भरवतात.

मटण आम्ही खातो. पण परक्या चुलीवरचं, परक्या हातचं, आजवर नव्हतं खाल्लं. गंगू माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं.

दोन दिवसांनी म्हातारी अकोल्याच्या मोटरीत चढली, आपल्या पायांनी. गंगूनं तिला पुढची जागा धरून दिली.

आता घरी वरणफळं केली की फोडणीआधी एक वाटी बिनतिखटाची काढून ठेवते. घरचे विचारतात, कोणासाठी? आणि चव घेऊन कोणी "बेस झालं" म्हणालं, की माझा पंजा आपसूक वर जातो.