सुकदेवने राखून ठेवलेला वार

सुकदेवने असं केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण सुकदेव म्हणजे गॅस बंद केल्यावर पुन्हा उठून बघणारा, कुलूप लावून वर त्याला दोनदा हिसका देणारा माणूस. शिरपूरकडचा. खडोलीला धाग्याच्या कारखान्यात लग्नाआधीपासून एकाच मशीनवर. टोकरखाड्यात आम्ही एका खोलीत राहतो, त्यामुळे त्याची ही खबरदारी मला रोज सोसावी लागते.

मोबाइलवरच्या मारामारीच्या गेममध्येही तो तसाच. त्यात प्रत्येक गड्याला एक मोठा वार मिळतो. बसला तर समोरचा आडवा. हुकला तर आपला गडी क्षणभर तसाच उभा, आणि समोरच्याने यावं नि हाणावं. सुकदेवने तो वार कधी वापरला नाही. वापर म्हणून मी डोकं फोडून थकलो.

"वार चुकना तं मानूस उघडा पडस, नवनाथभो," एवढं म्हणायचा आणि बारीकबारीक ठोसे मारत जिंकायचा.

दिवाळीत मशीन बंद राहत नाही. सुकदेव आणि आमच्याच खोलीतला झिपरू एकाच मशीनवरचे, म्हणून दोघांतल्या एकालाच गावी जाता येतं. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सुपरवायझर सांगतो. आधी आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. त्यात लबाडी सापडली, तेव्हापासून गेमवर ठरतं. हसू नका, त्यानंतर भांडण झालेलं नाही.

यंदा सुकदेवला जायचंच होतं. गणपतीनंतर झालेली मुलगी त्याने फक्त मोबाइलवर पाहिली होती. तिच्यासाठी घेतलेलं झबलं तो उशाखाली ठेवून झोपायचा.

शेजारच्या योगेशला हौस भारी. त्याने सामन्यासाठी आपला टीव्ही आणि दोन नव्या जॉयस्टिक आणल्या. मोठा वार तयार झाला की जॉयस्टिकवर लाल दिवा लुकलुकतो, मोबाइलवर तसा नसतो, असं त्याने दोघांना बजावून सांगितलं.

झिपरूचा दिवा आधी लागला. त्याने लगेच वार केला, तो हुकला, आणि सुकदेवने त्याला धू धू धुतलं. झिपरूचा जीव बोटभर उरला. सुकदेवचाही फार नव्हता, पण जास्त होता. वेळही संपत आली होती. नुसता हात आडवा धरून उभा राहिला असता तरी शिरपूरची गाडी पक्की होती. मी तर मनातल्या मनात त्याची बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात त्याच्या हातातला दिवा लुकलुकला आणि सुकदेवने बटण दाबलं.

वार झिपरूच्या डोक्यावरून गेला. झिपरूने एक लाथ मारली. संपलं.

जिंकलेला झिपरूही तोंड उघडं टाकून बसला. मी ओरडायला म्हणून सुकदेवकडे वळलो. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

"दिवा लागना, भो," तो म्हणाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनवर धागा तुटला की असाच दिवा लुकलुकतो, आणि दिसल्या क्षणी बटण दाबायचं असतं. विचार करत बसायचं नसतं. आम्ही कौतुकाने म्हणायचो, सुकदेवचा हात डोक्याच्या आधी पोचतो. मला त्या कौतुकाची चीड आली.

"सुकदेवदादा, आखो एकडाव खेळूत," झिपरू म्हणाला. मनापासून म्हणाला.

"नही रे. आपलं ठरेल से."

तेवढ्यात सुकदेवचा फोन वाजला. त्याची बायको, कावेरीवहिनी होती. "कवय येशात?" असं यायचा दिवस विचारत तिने मुलीला कॅमेऱ्यासमोर धरलं. मुलगी हात हलवत होती. सुकदेवने डाव्या हाताने फोन धरला होता. उजवा त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि मुलीला टाटा करायलाही तो बाहेर काढला नाही.