लशीनंतरच्या शिंका

सावर्ड्याच्या आत आमचं गाव. तिथे थोरल्या जाऊबाईंनी आणि मी मिळून ब्रॉयलर कोंबड्यांची लहानशी शेड घातली, तेव्हा आमचे दोघींचे नवरे मुंबईला नोकरीत होते. पहिली पिल्लं आली आणि त्याच सुमारास वाडीतल्या गावठी कोंबड्या मानमोडीने मरायला लागल्या. आधी घशात घरघर, मग मान वाकडी, की संपलं.

लस मी बर्फ घातलेल्या थर्मासातून आणली. जाऊबाई पिल्लू धरायच्या, मी डोळ्यात एक थेंब सोडायचे. पिल्लाने डोळा मिटून उघडला की मगच त्याला खाली ठेवायचं, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळी पिल्लं होईस्तोवर कंबर धरली.

पुढे एका सकाळी पाणी भरायला गेले, तर शेडमध्ये शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग सगळ्या बाजूंनी. मी बादली तिथेच टेकवली. जाऊबाई मागून आल्या, ऐकत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "गेलं गे सगळं. मुंबईला इतक्यात कळवू नको."

फोन केल्यावर डॉक्टर मोटरसायकलवरून आले. डोळे मिटून आधी नुसतं ऐकलं. मग दोन-चार पिल्लं उचलून चोची उघडून पाहिल्या, खालची विष्ठा पाहिली.

"दाणा खातात?"

"खातात."

"पाणी?"

"पितात."

"मग हे लशीचंच आहे. जिवंत लस असते, ती लागू पडताना थोडं शिंकतात. शेडचे पडदे वर करून हवा खेळू द्या, पिल्लांखालचा ओला तूस काढून टाका. दाणा सोडला किंवा घरघर लागली, तरच मला बोलवा."

जाऊबाई दाण्याच्या पोत्यावर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर हसू आवरत नव्हतं त्यांना. मग मलाही आवरेना.

ओला तूस काढला, कोरडा पसरला. तरी कान शेडकडेच असायचे. शिंका विरळ होत गेल्या आणि एका सकाळी नुसती चोचींची टकटक उरली.

त्या दिवशी जाऊबाईंनी भावोजींना फोन लावून सगळं पहिल्यापासून सांगितलं, डॉक्टरांनी डोळे मिटले तेसुद्धा.

"आधी का नाही सांगितलंस?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही तिकडून काय करणार होतात?" त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन पाणी भरायला गेल्या.