खाऱ्या पाण्यातला जावई

टेंभुर्णीला समुद्र आणला तो एकट्या माझ्या साडूभाऊंनी. याच्याआधी कोणी आणला नव्हता, आन् याच्यापुढं कोणी आणंल असं मला तरी वाटत न्हाई. समुद्र इथून कोणत्या बाजूला हाय तेबी मला म्हाईत न्हाई, कारण भूगोलाचं पुस्तक हातात यायच्या आधीच मी शाळेला रामराम केल्ता. पण साडूभाऊंच्या बैठकीत, दिवाणाच्या शेजारी, काचेच्या पेटीत तो समुद्र मी डोळ्यानं पाह्यला हाय. एकदा चाखलाबी हाय. राजूरहून उन्हातान्हाचा आल्तो, टेबलावर भरलेला जग दिसला, उचलून गटागटा प्यालो. डोळ्यातून, नाकातून, कुठून कुठून पाणी आलं. साडूभाऊ शांतपणी म्हणले, "पाव्हणं, ते पेटीत टाकायचं पाणी व्हतं. आता तुमीच पेटीत जाऊन बसा."

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांचं खता-बियाण्याचं दुकान, माझं राजूरला देवळाच्या वाटंवर चहाचं हाटेल. सासूबाई दोघांची तुलना कधी करत न्हाईत, कारण तुलना करायला दोन्हीकडं काहीतरी लागतं. मी चहा करतो त्यात कधी साखर टाकायची राहती, कधी पत्ती. साडूभाऊंचं तसं न्हाई. ते एकदा नादाला लागले की तळ गाठूनच वर येतात. आधी कबुतरं झाली, मंग कलमी गुलाब झाले, आन् मंग कुठंतरी मोबाईलवर तो मासा पाह्यला.

त्या माशाला म्हणतात ट्रिगर. त्याच्या पाठीवर बंदुकीच्या घोड्यावाणी काटा असतो. भ्याला की दगडाच्या फटीत शिरतो, काटा उभा करतो, मंग त्याला तिथून बाहेर काढायची कोणाची टाप न्हाई. रंगानं गर्द निळा, आन् दात लालभडक. मी पहिल्यांदा पाह्यला तवा म्हणलं, "साडूभाऊ, हा तर आपल्याच भागातला दिसतो. पान खातो का तंबाखू?" साडूभाऊ हसले न्हाईत. माशाच्या बाबतीत त्यांना चेष्टा चालत न्हाई.

सुरुवातीला पेटीत दुसरेबी मासे व्हते. पिवळे, पट्ट्यापट्ट्याचे, लई देखणे. या लालदात्यानं एकेकाच्या शेपट्या कुरतडल्या, गोगलगायी फोडून खाल्ल्या, आन् राह्यला एकटाच मालक. साडूभाऊंनी मेहनतीनं रचलेले दगड तो तोंडानं ढकलून दुसरीकडं नेतो. हीटरची वायर चावतो. नावडता माणूस दिसला की वर येऊन तोंडानं पाण्याची पिचकारी मारतो. दुपारचं कुशीवर आडवा पडून झोपतो, आन् खायला उशीर झाला की दात खातो, त्याचा आवाज काचंच्या बाहेर ऐकू येतो. सासूबाई एकदा चार दिवस राहायला आल्त्या. त्यांनी हे सगळं चष्मा पुसून पुसून पाह्यलं आन् म्हणल्या, "आडवं पडायचं, रुसायचं, आयतं खायचं आन् खाऊ घालणाराच्या हाताला चावायचं. हा तर जावईच हाय." तवापासून माशाचं नाव पडलं जावईबापू. सासूबाई हे बोलल्या तवा मी दिवाणावर कुशीवर आडवा पडलेलो व्हतो. कोणाकडं पाहून बोलल्या ते मी विचारलं न्हाई.

आमच्या अक्काच्या, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोच्या, गळ्यात तुळशीची माळ हाय. त्या घरात अंडंसुद्धा येत न्हाई. पण फ्रिजच्या वरच्या खणात जावईबापूचे झिंगे असतात, कुलूप लावायच्या डब्यात. मी एकदा म्हणलं, "अक्का, हे कसं चालतं?" अक्का म्हणली, "जावयाला काही म्हणता येतं का, भाऊजी? तुमाला तरी मी काय म्हणते?"

पेटीचं मीठबी साधं न्हाई. ते मुंबईहून पोत्यानं येतं. मला वाटलं आपणबी काहीतरी न्यावं, म्हणून पिशवीभर खडेमीठ घेऊन गेल्तो. साडूभाऊंनी पिशवी उघडली, बंद केली. म्हणले, "हे लोणच्याचं. माशाला समुद्राचं लागतं."

"मंग हे काय आपल्या धावड्याच्या डोंगरातून खणून काढलं का?" मी म्हणलं.

त्यांनी अर्धा तास मला समजून सांगितलं, त्यात काय काय घटक असतात, पाण्यात कसे मिसळायचे, काचेच्या नळीतून ते कसं मोजायचं. मला एवढंच समजलं की माझं मीठ लोणच्याचं हाय.

पण साडूभाऊंचा खरा जाच म्हणजे हातांचा. धंदा कीडनाशकाचा, आन् घरात जीव असा की त्या औषधाचा एक थेंब पाण्यात गेला तर खलास. म्हणून दुकानातून आले की मागच्या दारानं थेट न्हाणीत. दुकानाचे कपडे वेगळे, घरचे वेगळे. आन् जो येईल त्याचा हात धरून हुंगायचा. गल्लीत कोणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं तरी आधी हात नाकाशी. वास आला की, "बाहेर रांजण हाय, कोपरापर्यंत धुवा." शेजारचे शिलाईवाले चाचा तर म्हणायचे, "भाई, मैं कपडा सीता हूँ, कपाशी नहीं फवारता." तरी त्यांचाबी हात हुंगायचे. हळूहळू गल्लीनं त्यांच्याकडं जायचं सोडलं. वरून पाण्याची टंचाई. माणसाला टँकरची वाट पाहावी लागती आन् याच्या माशाला विकतच्या जारचं पाणी, असं लोक वट्यावर बसून बोलायचे. साडूभाऊंना ते ऐकू यायचं, पण ते काच पुसत राहायचे.

मंग मे महिन्यात गल्लीची डीपी, म्हणजे लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली.

डीपी जळाली म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत न्हाई. आधी ती काढायची, ट्रॅक्टरात टाकून लाईटीच्या हापिसात न्यायची, तिथं नंबर लावायचा, दुसरी मिळंपर्यंत अख्ख्या गल्लीनं टॉवेलानं वारा घ्यायचा. जावईबापूच्या पेटीतला पंप बंद पडला. पंप बंद म्हणजे पाणी हलत न्हाई, पाणी हलत न्हाई म्हणजे त्यात हवा राहत न्हाई. इन्व्हर्टर सकाळीच मेला. मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. साडूभाऊ मग्ग्यानं पेटीतलंच पाणी उचलून वरून धार सोडू लागले, म्हणजे हवा मिसळंल. धार थांबली की मासा वर.

अक्काचा फोन आला आन् माझ्या डोक्यात लगेच आयडिया आली. माझ्या डोक्यात येणाऱ्या आयडियांची मला आता भीती वाटती, पण तवा वाटली न्हाई. मेव्हण्याचा पाठीवरचा फवारणी पंप व्हता, बॅटरीवरचा. म्हणलं, याच्या नळीनं पाणी फिरवू, हवाबी मारू, कोणाचा हातबी दुखायचा न्हाई. गाडीवर मागं बांधला आन् टेंभुर्णी गाठली. दारातनंच वरडलो, "साडूभाऊ, सरका, मी आलो."

साडूभाऊंनी मान वळवली. पंप पाह्यला. त्यात आदल्याच दिवशी मिरचीसाठी कोणतं औषध भरलं व्हतं, ते त्यांना दुरूनच नाकाला समजलं. चेहरा पांढरा पडला. हातातली धार तुटू दिली न्हाई, पण आवाज असा निघाला की मी उंबऱ्याच्या बाहेर आपोआप गेलो.

"पाव्हणं, तुमी माझ्यावर काही राग धरला हाय का?"

अक्कानं मला मागच्या न्हाणीत ढकललं. साबण न्हाई, साबणबी चालत न्हाई म्हणे. नुसत्या पाण्यानं अंग घासून घासून लाल केलं. पंप गल्लीच्या पार टोकाला लिंबाखाली नेऊन ठेवला. अंगावर साडूभाऊंची लुंगी, वर उघडा, असा मी बैठकीत आलो तवा साडूभाऊ मग्गा या हातातून त्या हातात घेत व्हते, दोन्ही हात भरून आल्ते.

अक्कानं ते पाह्यलं. म्हणली, "सप्ताहात वीणा कोणी खाली ठेवतं का? एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाती. तसंच करू. पहारे लावू."

"कोणाचे पहारे?" साडूभाऊ म्हणले. "देवाचं काम हाय का हे? माशासाठी कोण येतंय?"

अक्कानं पदर खोचला आन् बाहेर गेली.

मला वाटलं अक्का रिकामी येईल. मीच गल्लीत असतो तर आलो नसतो. पण थोड्या वेळानं बाहेर रांजणापाशी पाण्याचा आवाज आला. चाचा उभे व्हते. कोपरापर्यंत हात धुवत व्हते, कोणी न सांगता. त्यांच्या मागं पिठाच्या गिरणीवाला, त्याच्या मागं दोन बाया. चाचा आत आले, साडूभाऊंच्या हातातून मग्गा घेतला आन् म्हणले, "हटो. किती उंचावरून सोडायचं ते सांगा फक्त."

तसा पहारा सुरू झाला. कोणी अभंग म्हणत व्हतं, कोणी आपल्या सुनंची गाऱ्हाणी सांगत व्हतं. ज्याचा हात दुखंल तो बोलंल, दुसरा घेईल. माझी पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. साडूभाऊ पहिल्यांदाच शेजारच्या खोलीत जरा टेकले व्हते. मी धार सोडून राह्यलो आन् जावईबापू माझ्याकडं एका डोळ्यानं पाहून राह्यला. मंग हळूच खाली गेला, दगडापाशी कुशीवर आडवा झाला. हलना.

मी थांबलो. मग्गा हातात, आन् गळा काढला. "जावईबापू गेले हो."

बाया पदर डोक्यावर घेत आत आल्या. चाचा टोपी काढून उभे राह्यले. साडूभाऊ धावत आले. त्यांनी माशाकडं पाह्यलंच न्हाई. माझ्या हाताकडं पाह्यलं.

"मग्गा काऊन थांबला?"

"गेला न् तो..."

"वता, पाव्हणं."

त्यांनी माझा हात धरून मग्गा पाण्यात बुडवला. दोघांचे हात एका मग्ग्याला. वर नेऊन धार सोडली, परत बुडवला, परत वर. किती वेळ गेला म्हाईत न्हाई. मंग त्या निळ्या अंगावरचा कल्ला एकदा हलला. परत हलला. डोळा फिरला, आन् तो लालदात्या उठून सरळ वर आला आन् माझ्या बोटाला कडकडून चावला.

बोटाला रक्त आलं, आन् गल्ली हसली. मला चावल्याचं एवढं सुख कधी झालं न्हाई. साडूभाऊंनी मात्र तोंड भिंतीकडं केलं आन् लुंगीच्या, म्हणजे मी नेसलेल्या लुंगीच्या सोग्यानं डोळे पुसले. मी गच्च धरून उभा राह्यलो, न्हाईतर एका जावयाचा जीव वाचला आन् दुसऱ्याची इज्जत गेली, असं झालं असतं.

संध्याकाळी ट्रॅक्टर डीपी घेऊन आला. लाईट आली, पंप गुरगुरला, पेटीत बुडबुडे सुटले. लोक आपापल्या घरी गेले. साडूभाऊ मग्गा मांडीवर घेऊन बसून राह्यले. मी म्हणलं, झालं आता, झोपा. ते म्हणले, "पाव्हणं, मला पंप बंद पडायचं भ्याव कधीच नव्हतं. तसं झालं तर कोणाला हाक मारायची, याचंच व्हतं."

मला जोक सुचायला वेळ लागत न्हाई. तवा मात्र मी त्यांच्या मांडीवरचा मग्गा उचलून बाजूला ठेवला.

सकाळी मी राजूरला निघायच्या तयारीत व्हतो, तर चाचा दारात. हात धुतलेले, बाह्या वर केलेल्या. त्यांच्या पहाऱ्याची वेळ झाल्ती. मी म्हणलं, "चाचा, लाईट आली की कालच."

"पता है," चाचा म्हणले, आन् आत येऊन उभे राह्यले.

साडूभाऊ दिवाणावर थोडे सरकले. चाचा त्यांच्या शेजारी बसले, आन् दोघं जण बराच वेळ काचेकडं पाहत राह्यले, जसं काही समुद्राच्या काठालाच बसलेत.