करड्या शाईचे सेहेचाळीस टॅग

जपानमधल्या उरायासु शहरातल्या आमच्या इमारतीत हॅलोविनला मुलांना खाऊच्या पिशव्या वाटतात. गेल्या वर्षी मुलं सेहेचाळीस होती. प्रत्येक पिशवीला मुलाचं नाव लिहिलेला टॅग लागतो, आणि ते टॅग करायचं काम रहिवाशांच्या मंडळाने माझ्या बायकोला दिलं. आम्ही इथे अकरा वर्षं राहतो. तोवर मंडळाने आमच्याकडे फक्त समोसे मागितले होते. "हे नीट झालं तर पुढे आणखी काही विचारतील," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर जेवण बंद झालं.

टॅगवर चित्रांचे शिक्के उमटवायचे, आणि तेही घरी कोरलेल्या खोडरबराचे. ही कला ती तळमजल्यावरच्या जपानी आजींकडे शिकली. पातळ कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचं, ते खोडरबरावर उलटं दाबून उमटवायचं, मग कटर तिरका धरून आजूबाजूचं रबर काढत जायचं. बायको पूर्वी पुण्यात बँकेच्या काउंटरवर होती. त्या सवयीने ती शिक्का आधी पॅडवर आणि मग कागदावर आपटायची. आजींनी तिचा हात धरून दाखवलं की शिक्का टेबलावर उताणा ठेवायचा आणि पॅडच त्याच्यावर हलकेच टेकवत न्यायचं. दोन महिन्यांनी तिने कोरलेलं वटवाघूळ मी भिंगाखाली धरलं. पंखाची कड कुठेही फाटलेली नव्हती. असं काम माझ्या हातून होणार नाही हे मी तिला सांगून टाकलं.

मला जमते ती तपासणी. ऑफिसात माझं कामच ते आहे. मी बारा कोरे टॅग घेतले, दोन शाया घेतल्या आणि स्टॉपवॉच लावलं. दाट काळी शाई दहा मिनिटांनीही बोटाला लागत होती. करडी चाळीस सेकंदांत वाळली. मी करडी ठरवली. भुतं करडीच शोभतात, असंही वर सांगितलं. नावं लिहायला शंभर येनच्या दुकानातून त्याच रंगाचा ब्रश-पेन आणला आणि बांधायला काळा-पांढरा दोरा. पेनाच्या पाकिटावरची कांजी चित्रलिपीतली अक्षरं मला वाचता आली नाहीत. टोक बारीक होतं, तेवढं पाहिलं. सेहेचाळीस नावं मी स्वतः लिहिली आणि यादीशी दोनदा ताडून पाहिली. एकही चूक नव्हती.

हॅलोविनच्या तीन दिवस आधी आजी टॅग पाहायला वर आल्या. त्यांनी एक टॅग उचलला, कोरीव कामाची स्तुती केली, नावावरून बोट फिरवलं आणि "आलेच" म्हणून खाली गेल्या. परत आल्या तेव्हा हातात एक पांढरं पाकीट होतं. ते त्यांनी टॅगशेजारी ठेवलं. काळा-पांढरा दोरा, आणि खाली फिक्या करड्या शाईत लिहिलेलं नाव.

"आमचे हे गेले तेव्हा अशी खूप आली," त्या म्हणाल्या. "रडताना शाईत पाणी पडलं म्हणून ती फिकी झाली, असं दाखवायचं असतं."

दुखवट्याला पैसे घालून द्यायची अशी पाकिटं ऑफिसातर्फे मीही दोनदा दिली होती, पण छापील तयार घेऊन. शाईकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आणि माझा ब्रश-पेन नेमका त्याच कामासाठी विकतात, हे आजींनी पाकिटावरचं वाचून सांगितलं. म्हणजे मी इमारतीतल्या सेहेचाळीस मुलांची नावं दुखवट्याच्या शाईत लिहून ठेवली होती.

बायको माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तुमच्या स्टॉपवॉचला सुतक कळतं का हो?"

तिने सगळे टॅग गोळा करून रद्दी कागदाच्या पिशवीत घातले आणि कोरा कार्ड पेपर काढला. आजी जायला उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि दुसरं खोडरबर मागितलं. तासाभरात त्यांनी भोपळा कोरला, तेवढ्या वेळात बायकोने कार्ड कापून भोकं पाडली. मग आजींनी नारिंगी भोपळा उमटवायचा आणि तो वाळल्यावर बायकोने त्यावर काळं वटवाघूळ, असं चाललं. भोपळ्याच्या देठापासून वटवाघूळ दर वेळी तेवढ्याच अंतरावर बसत होतं. मी पट्टीने सात ठिकाणी मोजलं. फरक एक मिलिमीटरच्या वर गेला नाही. ती पट्टी वापरत नव्हती. वाया गेले फक्त दोन. टॅग बाल्कनीच्या दाराशी दोरीला चिमट्यांनी लटकवून पूर्ण दिवस वाळवले. नावं तिने काळ्या पेनने लिहिली. दोरा नारिंगी. मला यादी वाचून दाखवायचं काम मिळालं.

वाटपाच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पिशव्या मोजल्या, एक टॅग उलटसुलट करून पाहिला आणि शिक्का कोणी कोरला ते विचारलं. भोपळा स्वतः कोरलेला असूनही आजींनी सरळ माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. आधीच्या टॅगांबद्दल त्या कुणाजवळ एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. जानेवारीत इमारतीत चिकट भात कुटून त्याचे मोची नावाचे गोळे करायचा कार्यक्रम असतो. त्याचे साठ टॅग जमतील का, असं अध्यक्षबाईंनी तिथेच विचारलं.

बायकोने तारीख विचारून घेतली. "जमतील," ती जपानीत म्हणाली. "पण रंग आजी ठरवतील."

अध्यक्षबाईंनी वहीत लिहून घेतलं.