रेंज मीच घालवली होती

मोबाईलचं पॉवर बटण पाच वेळा दाबलं. कर्कश सायरन वाजला, स्क्रीनवर उलट्या मोजणीचे आकडे पळाले आणि शेवटी ओळ आली, नेटवर्क नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा सायरन, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा दाबल्यावर डोक्यात उजेड पडला. नेटवर्क येणार कुठून? त्या खोऱ्यातला एकुलता एक टॉवर माझ्या डोक्यावर उभा होता आणि तो मीच बंद केला होता.

मी मोबाईल टॉवरचा टेक्निशियन. घर भोरला, साईट्स बहुतेक वेल्ह्यात. बायको, शबाना, पाहुण्यांना सांगते, "आमचे हे डोंगरावर असतात." पाहुण्यांना वाटतं मी कोणी तपस्वी आहे. प्रत्यक्षात मी पावसात भिजत केबली बदलतो, आणि बहुतेक वेळा एकटाच.

एकट्याने काम करणाऱ्यांसाठी कंपनीने नुकतंच ट्रेनिंग घेतलं होतं. पाच वेळा बटण दाबलं की फोन एकशे बाराला लागतो आणि तुम्ही कुठे आहात ते घरच्या माणसाला मेसेजने कळतं. याला SOS म्हणतात. मी शबानाचा नंबर टाकला. पहिल्याच दिवशी जेवताना खिशात बटण दाबलं गेलं आणि ताटावर सायरन वाजला. ती म्हणाली, "आमटी तिखट झाली तर तोंडाने सांगा."

तर ही साईट पासली गावाच्या वरच्या अंगाला. टॉवरच्या पायथ्याशी लोखंडी कपाट असतं, त्याला कॅबिनेट म्हणतात. वीज, बॅटऱ्या, सगळं त्यात. तिथली एक केबल तापून काळी पडली होती. ती बदलायची तर मेन आणि बॅटरी दोन्ही बंद करायचं. हा शटडाऊन. त्याआधी पुण्याच्या कंट्रोल रूमला कळवायचं, नाहीतर त्यांच्याकडे अलार्म वाजतो आणि ते फोन करकरून जीव खातात. मी कळवलं होतं. म्हणजे आता अलार्म वाजला तरी तिथले लोक म्हणणार, सलीमचं काम चाललंय, चालू दे.

केबल बदलून झाली. फक्त खटके वर करायचे राहिले होते. पण घसा कोरडा पडला होता आणि बाटली गाडीला अडकवलेली. म्हटलं, आधी पाणी पिऊ. फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. ते मला येताना दिसलं होतं, "जपून जायला हवं," असंही मी मनात म्हणालो होतो. मग थेट खालच्या ओघळीत पडलो. उजवा घोटा भलत्याच दिशेला वळला होता. वर चढायला दोनदा सरपटून पाहिलं, दोनदा घसरून परत आलो. पाऊस लागला होता, अंगात हुडहुडी भरली होती. शबाना माझी वाट रात्रीच्या आधी बघत नाही. घोट्यापेक्षा त्या विचाराचीच जास्त भीती वाटली.

मग वरून बाईचा आवाज आला.

"कुठं मेला तो टॉवरवाला?"

मी हाक मारली. ओघळीच्या काठावर घोंगडीची खोळ घेतलेली एक म्हातारी आली. खालच्या धनगरवाडीतल्या ठकूबाई. शेळ्या राखताना त्या नेहमी भेटायच्या.

"तुमीच बंद केलं का हे?"

"हो मावशी. पाय मोडलाय माझा."

"ते दिसतंय. चालू कवा व्हणार? लेक भोरला दवाखान्यात हाय, सकाळपास्नं कळा येत्यात. जावई फोन करणार हुता."

"कॅबिनेट उघडंच आहे. आत दोन मोठे खटके आहेत. आधी डावा वर करा, मग उजवा."

"शाक बसंल का?"

"नाही बसणार."

"तुमचं काय ऐकायचं? तुमाला पायरी धड उतराया आली न्हाई."

बाहेरच्या माणसाला कॅबिनेटला हात लावू द्यायचा नाही, हा आमचा नियम. मी तो मोडत होतो. नवी केबल मी घट्ट आवळली होती ना, हे मी पडल्या पडल्या पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. एवढं तर मी परीक्षेच्या वेळीही आठवलं नव्हतं.

आतून 'खट' आलं. थोड्या वेळाने दुसरं.

"हिरवं दिवं लागलं," ठकूबाई म्हणाल्या आणि काठावर येऊन बसल्या. टॉवर लगेच बोलत नाही, आधी बराच वेळ दम खातो. तेवढ्यात त्यांनी अंगावरची घोंगडी माझ्याकडे भिरकावली. "घ्या. गारठलाय नुसतं."

रेंज आली तेव्हा पहिला फोन त्यांचाच वाजला.

"व्हय... पोरगी? बरं. आन् ती कशी हाय? ... बरं हाय, लई बरं झालं." मग एकदम, "आता ठेव. हितं एक मानूस पडलाय."

त्यांनी वाडीवर फोन लावला. मी एकशे बारा लावला. तोवर माझे अडकलेले तिन्ही मेसेज भोरला पोचले आणि शबानाचा फोन आला. "अहो, तीन मेसेज आलेत. तीनदा पडलात का?" मी म्हणालो, "एकदाच पडलो. चांगला पडलो." यावर टोमणा न मारता ती "निघालेच मी" म्हणाली, तेव्हा मला खरं रडू आलं.

वाडीतल्या माणसांनी मला घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यावर आणलं. तिथे अँब्युलन्स उभी होती. घोट्यात प्लेट बसली.

पुढच्या मीटिंगला सुपरवायझरने विचारलं, "सलीमभाई, SOS चा उपयोग झाला का?"

"सायरन चांगला वाजतो, सर," मी म्हणालो.

अजूनही मी ते फीचर चालू ठेवतो. पण शटडाऊन घेण्याआधी कंट्रोल रूमला कळवतो, तसं डोंगराखालच्या वस्तीतल्या एखाद्या घरीही सांगून जातो. घर निवडताना एवढंच बघतो, की त्या दिवशी तिथे कोणीतरी महत्त्वाच्या फोनची वाट बघत असावं. काळजी करणारा माणूस वाट बघत बसतो. ज्याचा फोन अडलाय तो भांडायला डोंगर चढून येतो.