मातीच्या विषयाचा ट्रेलर

मुलींच्या वसतिगृहात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळ्या तिला ‘ट्रेलर’ म्हणायच्या, आणि हे नाव तिने पहिल्याच दिवशी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं गं?” तर हिने चमचा खाली ठेवला, आवाज घशातून काढला आणि म्हणाली, “एक आई... जिच्या शिलाई मशीनला विश्रांती ठाऊक नाही. एक बाप... ज्याच्या हातात अख्ख्या गावाचं पाणी आहे. आणि एक मुलगी... जी अजून उठलेली नाही. लवकरच!” वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला होते, एवढंच तिला सांगायचं होतं. पण टेबलावरच्या आठही जणींना ठसका लागला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

सिनेमाचं वेड बऱ्याच जणांना असतं. हिचं वेड जरा वेगळ्या जातीचं होतं. सिनेमा ती पाहायचीच, पण तिचा खरा जीव ट्रेलरवर. तिकडे पडद्यावर येणाऱ्या सिनेमांचे तुकडे सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी ही खुर्चीत जाऊन बसलेली असायची. मांडीवर एक वही. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ; डावीकडे ‘काय सांगितलं’, उजवीकडे ‘काय दिलं’. ट्रेलर पाहिला की डावी बाजू भरायची आणि महिना-दोन महिन्यांनी सिनेमा पाहून झाला की उजवी. चार विनोद दाखवून सिनेमात तेवढेच चार निघाले, की त्या पानावर लाल शाईत लिहायची, ‘शितावरून भात ओळखायला गेले, भांड्यात तेवढीच शितं होती.’

तिच्यासोबत बहुतेक वेळा खोलीतली मैत्रीण असायची. ही भौतिकशास्त्राची, अतिशय हुशार, पण सिनेमागृहात बसली की डोकं बाहेर ठेवून आल्यासारखी. पडद्यावर कुणीही आलं की कानाशी लागायची, “हा कोण?” म्हणून तिचं नाव ‘हाकोण’.

“अगं, आत्ताच आलाय तो. मलाही नाही माहीत!” ट्रेलर कुजबुजायची.

“मग आला कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि खरं तर निम्म्या सिनेमांना हाच प्रश्न विचारायला हवा, असं ट्रेलरचं मत होतं.

आईला हे सगळं फोनवर कळायचं. आई मशीन चालवता चालवताच बोलायची, त्यामुळे तिच्या वाक्यांना शिवणीसारखे टाके पडायचे. “शिकायला... पाठवलंय... की पडदा... बघायला?” पण फोन ठेवण्याआधी हमखास विचारायची, “ते परवाचं सांगत होतीस, त्यातली बहीण शेवटी सापडते का गं?”

तर ही मुलगी दुसऱ्या वर्षाला भूगोल शिकत होती. अभ्यासात ना पुढे ना मागे. वर्गाच्या मधल्या बाकासारखी. विद्यापीठाचं वेळापत्रक मात्र तिला तोंडपाठ होतं, कारण ते तिने नव्या सिनेमांच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतलं होतं. नवे सिनेमे लागायचे शुक्रवारी. शुक्रवार सकाळ मोकळी राहावी म्हणून तिने ऐच्छिक विषय घेतला होता ‘मातीचा अभ्यास’. त्याचे तास मंगळवारी असायचे. मातीवर तिचं काही प्रेम नव्हतं. प्रेम मंगळवारवर होतं.

सत्र सुरू व्हायला दहा दिवस असताना फलकावर कागद लागला. बारा विद्यार्थी झाले नाहीत, तर ‘मातीचा अभ्यास’ बंद. खाली नावं होती चार. बंद झाला, तर त्याऐवजी ‘लोकसंख्येचा अभ्यास’ घ्यावा लागणार, आणि तो शुक्रवारी सकाळी नऊला.

ट्रेलरने तो कागद दोनदा वाचला. मग तशीच मातीच्या प्रयोगशाळेत गेली.

मातीचे सर पन्नाशीचे, उंच, जरा वाकलेले. आवाज असा सपाट, की आग लागली असं त्यांनी सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्याने वहीत लिहून घेतलं असतं. ते भट्टीतून डबे काढत होते. खोलीभर वाळलेल्या मातीचा गरम वास होता. भिंतीला लागून शेकडो बरण्या: तांबडी, करडी, काळी, पिवळट, एक तर जवळजवळ जांभळी.

“सर, आपल्या विषयाची थोडी जाहिरात करायची का?” ती म्हणाली. “मी मोबाइलवर चित्रण करीन. तुम्ही फक्त नेहमीचं काम करा, नेहमीचं बोला.”

सरांनी डबा तराजूवर ठेवला. “नेहमीचं बोलण्यानेच चार जण उरलेत,” ते म्हणाले. “कर बापडी.”

दोन दिवस ती मोबाइल घेऊन त्यांच्या मागे फिरली. आणि तिच्या लक्षात आलं, की सरांचा आवाज सपाट असला तरी हात तसे नाहीत. चिमूटभर ओली माती अंगठ्याने सारत ते तिची पट्टी काढायचे आणि ती किती लांब होऊन तुटते यावरून सांगायचे, हिच्यात चिकणमाती किती. डोळे मिटून. चाळण्यांचं यंत्र सुरू केलं की खडखड-खडखड असा आवाज यायचा, थेट घाबरलेल्या माणसाच्या छातीसारखा. एका बरणीवरची चिठ्ठी आणि आतली माती जुळेना, तेव्हा सर बरणीकडे पाहत म्हणाले, “ही खोटं बोलतेय.” जमिनीतले क्षार कसे वर चढतात हे सांगताना म्हणाले, “खाली गेलेलं मीठ एक ना एक दिवस वर येतंच.”

ट्रेलरच्या अंगावर काटा आला. मिठामुळे नव्हे. त्या वाक्यातून ‘मीठ’ कापलं तर काय उरेल, यामुळे.

सिनेमा मंडळ नावाची पाच जणांची संस्था विद्यापीठात होती. मंडळाच्या खोलीतल्या खिडकीचा पडदा नीट लागत नसल्यामुळे तिथे दुपारी पाहिलेला प्रत्येक सिनेमा धुक्यातला वाटायचा. त्या खोलीत बसून ट्रेलरने एक मिनिट चाळीस सेकंदांचा तुकडा जोडला. अंधार. खडखड-खडखड. बरण्यांची रांग. सरांचा सपाट आवाज: “वरून सगळं शांत दिसतं.” मातीत हळूहळू शिरणारी बोटं. “ही खोटं बोलतेय.” भट्टीचं दार उघडतं, लाल उजेड. “खाली गेलेलं... एक ना एक दिवस वर येतंच.” एकदम शांतता. सर थेट पडद्यातून पाहतात (खरं तर ते घड्याळाकडे पाहत होते) आणि म्हणतात, “हात घाला. मग कळेल.” काळ्या पडद्यावर अक्षरं: मातीचा अभ्यास. मंगळवार, सकाळी दहा.

हाकोणने तो सलग तीन वेळा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच “हा कोण?” न विचारता म्हणाली, “याने कुणाला पुरलंय?”

दुपारी विद्यापीठाच्या सगळ्या गटांवर तो फिरला. संध्याकाळपर्यंत नावं एकोणीस झाली. शुक्रवारी त्रेसष्ट. कार्यालयातल्या बाईंनी यादी तीनदा मोजली आणि विषयाला मोठं सभागृह दिलं. सरांना वाटलं, दुसऱ्या कुणाचीतरी यादी चुकून आपल्याकडे आली.

पहिल्या मंगळवारी ट्रेलर शेवटच्या रांगेत बसली. सभागृह खचाखच भरलेलं. सर आले, एवढी डोकी पाहून दारातच थबकले, मग खिशातून चष्मा काढून शांतपणे हजेरी घेऊ लागले. हजेरीला एकवीस मिनिटं गेली. मग त्यांनी मातीची व्याख्या सांगितली. मग व्याख्येचे भाग. चाळिसाव्या मिनिटाला मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “सर, खाली काय गाडलंय ते सांगा ना!”

हशा पिकला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठे खाली?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. हशा दुप्पट झाला.

ट्रेलरला आपण खुर्चीसकट जमिनीत जावं असं वाटलं. हसणं वाईट नव्हतं, पण ते सरांना कळत नव्हतं, आणि ते का कळत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजवर वहीत तिने ज्यांना लाल शाई लावली होती, त्या सगळ्यांच्या रांगेत आज ती स्वतः जाऊन बसली होती.

तास संपल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. “सर, तुम्ही तो पाहिलाच नाही ना?”

“काय?”

तिने मोबाइल पुढे केला. सरांनी तो हातभर लांब धरून पाहिला. संपल्यावर म्हणाले, “पुन्हा लाव.” दुसऱ्यांदा पाहिला. चेहऱ्यावरची रेघ हलेना.

“मी असं बोललो?”

“शब्द सगळे तुमचेच आहेत सर. फक्त...” तिने मोबाइल परत घेतला. “फक्त मीठ मी काढलं.”

सर एकदम हसले. असं हसले, की त्यांना बरणीचा आधार घ्यावा लागला. “अळणी केलंस आणि वर लोकांना चटक लावलीस!” ते म्हणाले. मग स्टुलावर बसले आणि चष्मा पुसू लागले. “पण हसण्यावारी नेऊन भागणार नाही. त्रेसष्ट पोरं काहीतरी गाडलेलं बघायला आली आहेत. शब्द माझ्या तोंडून गेलाय. तो तू दिलास की मी, हे त्यांना काय सांगायचं?”

“मी सगळ्यांना सांगते, सर. माफी मागते.”

“माफीचं नंतर बघू. पुढच्या मंगळवारी फावडं उचलता येईल असे कपडे घालून ये.”

ग्रंथालयाच्या मागे एक रिकामं मैदान होतं. कुणी तिथे खेळायचं नाही, कारण जरा पाऊस पडला की महिनाभर चिखल वाळत नसे. पुढच्या मंगळवारी सरांनी तिथे सगळ्यांना नेलं. त्रेसष्टपैकी सत्तेचाळीस आले. हाकोणचा हा विषय नव्हता, तरी ती भौतिकशास्त्राचा तास बुडवून आली होती.

“पाळीपाळीने खणा,” सर म्हणाले. “मी काही सांगणार नाही. जे दिसेल ते मला तुम्ही सांगायचं.”

पहिल्या फुटापर्यंत नुसती तपकिरी माती, विटांचे तुकडे आणि थट्टा. कुणी म्हणालं, मुडदा निघाला तर उपस्थिती दुप्पट द्या. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा ट्रेलरची पाळी आली. फावड्याचा आवाज बदलला. वरची माती कुरकुरत तुटायची, ही मात्र लोण्यासारखी कापली गेली. ती वाकली. करडी निळसर माती, तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके. तिने मूठभर उचलली आणि अंगठ्याने सारली. पट्टी लांबतच गेली, तुटेचना. आणि त्या पट्टीत काहीतरी पांढरं चमकलं. नखाएवढा गोगलगायीचा शंख.

“सर!” ती ओरडली. “इथे गोगलगाय आहे! इथे सगळीकडे आहेत!”

खड्ड्याभोवती सगळे वाकले. थट्टा थांबली. सर गुडघ्यावर बसले, माती हातात घेतली, डोळे मिटले, आणि आपल्या त्याच सपाट आवाजात म्हणाले, “ही पाण्यातली गोगलगाय. करडी माती म्हणजे इथवर हवा पोचत नव्हती. वर्षानुवर्षं पाणी उभं होतं.” त्यांनी डोळे उघडले आणि मैदानाकडे हात केला. “तुम्ही तळ्यात उभे आहात.”

सत्तेचाळीस जणांनी नकळत आपापल्या पायांकडे पाहिलं. मग हाकोण म्हणाली, “मग हे तळं गेलं कुठे?” आणि एकाच वेळी दहा जण बोलू लागले. भरलं कुणी? वरच्या विटा कुठल्या? काठ कुठवर होता? कुणी पावलं मोजू लागलं, कुणी ग्रंथालयात जुना नकाशा शोधायला पळालं. सर चिखलाचे हात झटकत बाजूला उभे राहिले. ट्रेलरने त्यांच्याकडे पाहिलं. मोबाइल तिच्या खिशात होता, पण हात चिखलाने बरबटलेले असल्यामुळे काढता आला नाही.

त्याच दुपारी तिने सगळ्या गटांवर कबुली टाकली: मीठ मी काढलं होतं, सरांचा दोष नाही. उत्तरात शिव्या येतील असं वाटलं होतं. आलं ते असं: ‘ठीक आहे. उरलेला काठ कधी खणायचा?’

काठ खणायला एक तास पुरेना, म्हणून सर्वांच्या मताने मैदानाचं काम शुक्रवारी सकाळी ठेवण्यात आलं. सर्वांच्या म्हणजे एकीखेरीज. हाकोण हसून हसून पलंगावरून पडायची बाकी राहिली. ट्रेलर मुकाट्याने शनिवारचं तिकीट काढू लागली.

सत्राअखेर विषयात एकतीस जण उरले. जे गेले ते गेले. प्रत्येक सिनेमाला मध्यंतरात उठणारे असतातच, असं तिने सरांना सांगितलं. परीक्षेत तिला साठ गुण मिळाले आणि जुना नकाशा शोधणाऱ्याला नव्वद. आईला फोनवर तळ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा पहिल्यांदाच मशीन थांबल्याचं ऐकू आलं. “कुणी बुजवलं गं ते?” आई म्हणाली. “माहीत नाही अजून,” ती म्हणाली. “अगं, मग सांगतेस काय अर्धवट!”

पुढच्या वर्षी गणिताच्या बाई तिला शोधत वसतिगृहापर्यंत आल्या. त्यांच्या एका विषयाला सहाच जण होते. “तसलं काहीतरी आमचंही कर ना,” त्या संकोचून म्हणाल्या. ट्रेलरने एक अट घातली: आधी दोन आठवडे ती तासाला नुसती बसणार, चित्रण त्यानंतर. बाईंना नवल वाटलं, पण त्या हो म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात ती मोबाइल लावून मागच्या बाकावर बसली. बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि खडू हातात धरून थांबल्या. पुढची ओळ सुचत नव्हती. एक मिनिट गेलं, पाच गेली. सहाही पोरं श्वास रोखून फळ्याकडे पाहत होती. मोबाइलची बॅटरी संपून पडदा काळा झाला, आणि ते ट्रेलरच्या लक्षातही आलं नाही. ती हनुवटीला हात लावून, पुढे झुकून, बाई आता काय लिहितात ते पाहत बसली होती.